फ्लशची लाइन, नळाची लाइन: एसटीपीच्या पाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्यात टँकरची बिलं चढू लागली की सोसायटीला तळघरातल्या एसटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटची, आठवण होते. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशला आणि बागेला कसं वापरायचं, याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत. बहुतेकांनी पाणी किती शुद्ध आहे हे विचारलंय. ते कोणत्या पाइपातून कुठे जातंय, हे विचारणारी पत्रं मात्र मोजकीच आहेत. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

आमचं बाथरूम नुकतंच नव्यानं करून घेतलं. तेव्हापासून कमोडशेजारच्या जेट स्प्रेच्या पाण्याला अधूनमधून कुबट वास येतो. प्लंबर म्हणतो, नवी नळी आहे, जाईल वास. खरं आहे का?
— रहिवासी, ठाणे

जेट वापरणं आजच थांबवा. नळीचा वास दोन-चार दिवसांत जातो आणि तो रबराचा असतो, कुबट नसतो. कमोडच्या मागे भिंतीत जो अँगल कॉक आहे, त्याला एक तोंड आहे की दोन, ते बघा. दोन तोंडं असतील, एकातून फ्लशच्या टाकीला आणि दुसऱ्यातून जेटला पाणी जात असेल, तर तुमचा जेट फ्लशच्या लाइनवर आहे. म्हणजे अंगाला लागणारं पाणी एसटीपीचं आहे. ही चूक इतकी नेहमीची आहे, की दुहेरी लाइन असलेल्या सोसायटीत नूतनीकरणाला परवानगी देतानाच त्याबद्दलची अट लेखी घालावी. प्लंबरच्या दृष्टीने कमोडजवळ एक पॉइंट हाताशी असतो, दोन तोंडांचा कॉक बाजारात सहज मिळतो, आणि वेगळी लाइन ओढायची तर फरशी फोडावी लागते.

खात्री करायची सोपी पद्धत अशी. इमारतीच्या गच्चीवर पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी वेगळी आणि फ्लशची वेगळी असते. कामाच्या दिवशी दुपारी, सगळ्यांना आदल्या दिवशी कळवून, एका विंगची वापरायच्या पाण्याची लाइन गच्चीवर बंद करा. सगळ्यात खालच्या मजल्यावरचा आणि वरचा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या. फ्लशची लाइन चालूच ठेवा. आता प्रत्येक घरातला प्रत्येक नळ पाच मिनिटं उघडा: बेसिन, शॉवरची गरम-थंड दोन्ही बाजू, जेट, स्वयंपाकघर, ड्राय बाल्कनी. लाइनमधलं उरलंसुरलं पाणी थोडं ठिबकेल आणि थांबेल. जो नळ थांबत नाही, तो फ्लशच्या लाइनला जोडलेला आहे. मग उलट करा. फ्लशची लाइन बंद करा, वापराची चालू ठेवा आणि घरोघरचे फ्लश ओढा. टाकी परत भरली तर तिथेही जोड आहे. ‘चांगलंच पाणी फ्लशला जातंय, जाऊ दे’ असं म्हणू नका. ज्या जोडातून पाणी इकडून तिकडे जातं, त्यातूनच दाब कमी झाला की तिकडून इकडे येतं.

रंगाची चाचणी ही दुसरी पायरी. फ्लशच्या वरच्या टाकीत खाण्याचा निळा रंग टाका; पांढऱ्या बादलीत पाणी घेतल्यावर निळं स्पष्ट दिसेल इतका हवा. फिक्या रंगाने केलेली चाचणी खोटा धीर देते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटरही उपयोगी आहे, पण घरात धरणाचं गोडं पाणी येत असेल तरच. घरी 120 आणि फ्लशला 450 असा फरक असेल तर मीटर लगेच बोलतो. बोअरचं पाणी मिसळत असाल तर दोन्ही आकडे इतके जवळ येतात की त्यावरून काही ठरवता येत नाही.

जोड सापडला तर फक्त कॉक बदलून भागत नाही. त्या विंगचं पिण्याचं पाणी थांबवा आणि रहिवाशांना लगेच, स्पष्ट शब्दांत सांगा. लपवलेल्या दिवसांतच लोक आजारी पडतात. जोड तोडून तोंड बूच लावून बंद करा. वापराच्या पाण्याची टाकी रिकामी करून घासा. मग ती भरून लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरिन होईल इतका हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) टाका. 10,000 लिटरच्या टाकीला 10 टक्क्यांचा हायपो 5 लिटर लागतो. प्रत्येक नळाला क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, नळ बंद करा आणि 12 तास तसंच ठेवा. त्या वेळात कोणीही नळ वापरायचा नाही. नंतर सगळं पाणी सोडून द्या, लाइन ताज्या पाण्याने धुवा आणि एका दिवसाच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जिवाणू) शून्य आल्यावरच पाणी प्यायला द्या. ही चाचणी वर्षातून एकदा आणि कोणत्याही घरात बाथरूमचं काम झालं की त्या घरापुरती लगेच करावी.

फ्लशचं पाणी पिवळसर आहे आणि सुट्टीवरून आलं की बाथरूमला वास येतो. ऑपरेटर रोज दोन लिटर हायपो टाकतो म्हणतो, तरी क्लोरिनच्या चाचणीत काहीच दिसत नाही. डोस वाढवायचा का?
— सोसायटी सचिव, पिंपळे सौदागर

आधी हिशेब. तुम्ही रोज 40,000 लिटर पाणी फ्लशला पाठवता असं धरू. लिटरला 5 मिलिग्रॅम डोस म्हणजे 200 ग्रॅम क्लोरिन. हायपो खरोखर 10 टक्क्यांचा असेल तर त्याला दोन लिटर पुरतात, म्हणजे ऑपरेटरचं गणित कागदावर बरोबर आहे. मग क्लोरिन जातो कुठे? चार ठिकाणी शोधा.

पहिलं, कॅन. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला हायपो महिना-दीड महिन्यात निम्म्या ताकदीवर येऊ शकतो. पंधरा दिवस पुरेल इतकाच माल घ्या, सावलीत ठेवा, कॅनवर आणल्याची तारीख लिहा.

दुसरं, डोस कुठे पडतो. वाळूचा फिल्टर, मग कार्बनचा फिल्टर, असा क्रम असतो. हायपो कार्बनच्या आधी पडत असेल तर कार्बन तो सगळा खाऊन टाकतो. डोस कार्बननंतर हवा आणि त्यानंतर टाकीत किमान अर्धा तास मुरायला वेळ हवा. मगाने एकदम ओतणंही चुकीचं. सकाळचं पाणी क्लोरिनने उग्र आणि संध्याकाळचं कोरं, असं होतं. डोसिंग पंप लावा आणि त्याच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकून तो नुसताच टकटक करत नाही ना, हे रोज बघा.

तिसरं कारण बहुतेक वेळा खरं निघतं: अमोनिया. प्रक्रिया अर्धवट झाली तर पाण्यात अमोनिया उरतो आणि 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरिन लागतो. अमोनिया 15 असेल तर तुमचा 5 चा डोस कुठच्या कुठे विरून जातो. डोस वाढवत नेलात तर खर्च वाढेल, वास आणखी विचित्र येईल. उपाय वायुवीजनाच्या टाकीत आहे. तिथे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली जायला नको. अमोनिया खाणारे जिवाणू सावकाश वाढतात. वीज वाचवायला टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद ठेवला की पहिला फटका त्यांना बसतो आणि त्यांची वाढ परत पूर्वपदावर यायला आठवडे लागू शकतात.

चौथं, चाचणीचं किट. ऑर्थोटॉलिडिनचे पिवळे थेंब अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरिनही दाखवतात, म्हणजे ‘आहे’ असा भास होतो. डीपीडीचं किट घ्या. गुलाबी रंग येतो आणि मोकळा क्लोरिन वेगळा कळतो. मोजायचं ते प्लांटच्या नळावर नाही, सगळ्यात लांबच्या फ्लॅटच्या फ्लशला. तिथे 1 मिलिग्रॅम हवा.

पिवळा रंग विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांचा असतो. त्याने अपाय नाही, पण कार्बन बदलायची वेळ झाल्याची ती खूण आहे. सुट्टीनंतरचा वास मात्र साचल्याचा. क्लोरिन उडून गेलेलं पाणी फ्लशच्या टाकीत आठवडाभर राहिलं की आत बुळबुळीत थर धरतो. घर बंद करताना फ्लशचा कॉक बंद करून टाकी एकदा ओढून रिकामी करा.

एक इशारा, जो कॅनवर क्वचितच छापलेला असतो. गाळ बसवायला वापरतात ते पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड) किंवा तुरटीचं द्रावण आम्लधर्मी असतं. एकाच मगाने आधी ते आणि मग हायपो घेतला, किंवा उरलेलं चुकीच्या कॅनमध्ये ओतलं, तर क्लोरिन वायू सुटतो. दोन्ही कॅन वेगळ्या कोपऱ्यांत, दोन्हींना वेगवेगळ्या रंगाचे मग. टॉयलेटचं ॲसिड तर त्या खोलीतच नको.

उन्हाळ्यात एसटीपीचं पाणी फ्लशला पुरत नाही. म्हणून महापालिकेच्या पाण्याची लाइन फ्लशच्या टाकीत सोडली आहे. मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवला आहे. एवढं बास आहे ना?
— देखभाल समिती, नाशिक

नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा एक कण किंवा क्षाराचा पापुद्रा अडकला की तो अर्धवट उघडा राहतो आणि बाहेरून काही कळत नाही. पालिकेचं पाणी गेलं, लाइन रिकामी झाली, की ती शोषू लागते. पाइपाचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडलेलं असेल तर टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं. हे टाळायचा भरवशाचा उपाय म्हणजे मोकळी हवा. पाइपाचं तोंड टाकीच्या काठापासून पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट उंच ठेवा: 50 मिलिमीटर पाइपाला 100 मिलिमीटर. कितीही लहान पाइप असला तरी 25 च्या खाली नको. माप ओव्हरफ्लोच्या पाइपापासून घेऊ नका, काठापासून घ्या, कारण ओव्हरफ्लो तुंबू शकतो. फ्लोट व्हॉल्व्हही या तोंडावरच, पाण्याच्या वर हवा. आत बुडणारी नळी लावू नका. टँकरच्या नळीलाही हाच नियम. एकच नळी आधी फ्लशच्या टाकीत बुडवून मग पिण्याच्या संपमध्ये घालणं सर्रास चालतं. दोन नळ्या ठेवा.

पण पाणी पुरत नाही हेच खटकतं. 100 फ्लॅट, 400 माणसं, माणशी 135 लिटर म्हणजे 54,000 लिटर वापर. त्यातलं सुमारे 80 टक्के, म्हणजे 43,000 लिटर सांडपाणी. फ्लशला माणशी 45 लिटर धरले तरी 18,000 लागतात. 1,000 चौरस मीटर बागेला चौरस मीटरमागे 5 लिटर धरले तर आणखी 5,000. तरी जवळजवळ 20,000 लिटर उरायला हवं. तेव्हा गळती शोधा. प्रत्येक घरी फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाका, वीस मिनिटं फ्लश ओढू नका. कमोडात रंग उतरला तर आतला रबरी झडपेचा वॉशर गेला आहे. एसटीपीच्या पाण्यातल्या क्लोरिनने हे वॉशर लवकर कडक होतात.

बागेतल्या झाडांची पानं कडेने करपताहेत. क्लोरिनमुळे का? आणि याच पाण्यावर पालक-कोथिंबीर लावावी का?
— वाचक, खराडी

1 मिलिग्रॅम क्लोरिनने झाड करपत नाही. कडा जळणं आणि मातीवर पांढरी पुटं दिसणं, ही क्षाराची खूण. घरातून जाताना पाण्यात साबण-मीठ मिसळून टीडीएस दोन-चारशेने वाढतोच. पण तुमच्याकडे बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर खरा चोर तो. तो धुताना मिठाचं पाणी सोडतो आणि ते ड्रेनेजमधून थेट एसटीपीत जातं. प्लांट मीठ काढू शकत नाही. फिल्टरही नाही, क्लोरिनही नाही. ते बागेत येतं आणि सोडियममुळे काळी माती आणखी चिकट, हवाबंद होते. सॉफ्टनरच्या धुण्याचं पाणी वेगळं काढून, पालिकेच्या परवानगीने, एसटीपी वगळून ड्रेनेज लाइनला जोडा. जमिनीतल्या झाडांना पावसाळ्याचे चार महिने मीठ धुऊन टाकतात. पोडियमवरच्या दीड फूट मातीतल्या झाडांना तळाशी निचरा नसेल तर तेही नशिबात नाही. तिथे महिन्यातून एकदा साधं पाणी भरपूर देऊन खालून वाहू द्या.

पालेभाजी, कोथिंबीर, मुळा, गाजर, जे काही कच्चं खाल्लं जातं किंवा मातीला टेकून वाढतं, ते या पाण्यावर नको. नारळ, आंबा, कढीपत्त्याचं उंच झाड चालेल, बुंध्याशी पाणी दिलं तर. खाली पडलेली फळं वेचू नका. लॉनला फवारे टाळा; उडालेले बारीक थेंब श्वासातून आत जातात. ठिबक लावा, त्याआधी 120 मेशचा डिस्क फिल्टर, आणि तो आठवड्याला उघडून धुवा. फवाराच लावायचा असेल तर रात्री उशिरा, वारा नसताना, आणि गवत वाळेपर्यंत मुलांना लॉनवर सोडू नका. बागेतल्या प्रत्येक नळावर ‘पिण्याचे पाणी नाही’ ही पाटी हवी. त्याहून चांगलं म्हणजे चावीशिवाय उघडणार नाही असा नळ. तीन वर्षांच्या मुलाला पाटी वाचता येत नाही.

जास्तीचं पाणी पर्जन्यजल संधारणाच्या खड्ड्यात सोडलं तर बोअरला पाणी वाढेल ना?
— वाचक, हिंजवडी

सोडू नका. वाढेल, आणि तेच तुम्ही उपसून प्याल. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांमधून धावतं. मातीच्या थरातून गाळत जाण्याची चैन तिथे नाही. तो खड्डा पावसासाठीच ठेवा, आणि एसटीपीचा ओव्हरफ्लो आधीच त्यात सोडलेला नाही ना, तेही तपासा. उरलेलं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिल्याप्रमाणे पालिकेच्या ड्रेनेजला द्या किंवा बांधकामाच्या टँकरला. काँक्रीट कालवायला देणार असाल तर क्लोराइड तपासून द्या. लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी आयएस 456 या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे.

गाड्या आणि जिने धुवायला चालेल?
— वाचक, डोंबिवली

गाड्या बादली-फडक्याने चालतील, प्रेशरच्या पंपाने नको. जिने, लॉबी, लिफ्ट नको. मुलं तिथे हात टेकतात.

प्लांट चालवणारी कंपनी दर महिन्याला ‘सर्व ठीक’ असा प्रयोगशाळेचा अहवाल देते. त्यावर विसंबावं का?
— खजिनदार, कोथरूड

नमुना कोणी, कुठून आणि कशात घेतला, ते विचारा. कोलिफॉर्मच्या नमुन्याची बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. ते नसेल तर नमुन्यातला क्लोरिन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू मारत राहतो आणि अहवाल फुकटचा चांगला येतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. नमुना लांबच्या फ्लॅटच्या फ्लशच्या कॉकवरून घ्या, समितीचा माणूस हजर ठेवून. अहवाल संमतीपत्रातल्या आकड्यांशी ताडून बघा. फ्लशसाठी सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या तांत्रिक संस्थेच्या 2013 च्या नियमावलीत बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) 10, गढूळपणा 2 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली, उरलेला क्लोरिन किमान 1 आणि विष्ठेतले कोलिफॉर्म शून्य, असे निकष आहेत.

अहवालापेक्षा विजेचा मीटर जास्त खरं बोलतो. पाच एचपीचा ब्लोअर चोवीस तास पूर्ण भारावर चालला तर सुमारे 90 युनिट घेतो, प्रत्यक्षात थोडे कमी. प्लांटला वेगळा सबमीटर लावा. रोजचं रीडिंग 40 वर आलं, तर रात्री काय चालतं ते कळलंच. दाबाचे मीटरही बघा: वाळूच्या फिल्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबात अर्ध्या किलोहून (चौरस सेंटिमीटरमागे) जास्त फरक असेल तर बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, झालेला नाही. आणि लिटरभर पाणी पारदर्शक बाटलीत भरून पलीकडचा पेपर वाचून बघा. अक्षरं धूसर दिसली तर ते पाणी फ्लशला पाठवण्यासारखं नाही, आणि अशा पाण्यात जंतू मारणारा यूव्हीचा (अतिनील किरणांचा) दिवाही काम करत नाही, कारण जंतू गाळाच्या सावलीत लपतात.

सिंगापूरमध्ये सांडपाणी शुद्ध करून पितात म्हणे. मग आपण का नाही?
— विद्यार्थी, नागपूर

पितात. नामिबियातल्या विंडहुक शहरात तर 1968 पासून. सिंगापूरचं ‘न्यूवॉटर’ 2003 पासून सुरू आहे: सूक्ष्म गाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि यूव्ही. त्यातलं बरंचसं पाणी कारखान्यांना जातं आणि काही जलाशयात मिसळून, पुन्हा शुद्ध करून नळाला येतं. त्यामागे प्रशिक्षित माणसं आणि सतत चालणारी तपासणी असते. सोसायटीच्या प्लांटवर एक ऑपरेटर, तोही दिवसपाळीचा. घरचा आरओ लावून हे पाणी प्यायचा विचारही नको. त्याच्या पडद्याला किंवा रबरी सीलला बारीक चीर पडली तर कळायचा मार्ग घरात नसतो. शहराच्या पातळीवर चांगलं उदाहरण तुमच्याच गावात आहे: भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

गाळाची टाकी साफ करायला ऑपरेटर आत उतरतो. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणतो. सोसायटीची जबाबदारी काय?
— अध्यक्ष, पनवेल

उतरू देऊ नका. साचलेला गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. माणूस म्हणतो, आता ठीक आहे. बेशुद्ध पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. सुरक्षेच्या साधनांशिवाय सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ठेकेदार नेमला म्हणून सोसायटी हात झटकू शकत नाही. गाळ सक्शनच्या गाडीने काढून घ्या. प्लांटच्या खोलीतला एक्झॉस्ट चोवीस तास चालू ठेवा आणि त्याचा पाइप तळघरात न सोडता गच्चीपर्यंत न्या. कोणी आत पडलाच तर झाकणं उघडा, ब्लोअरची हवा सोडा, 101 वर अग्निशमन दलाला फोन करा आणि श्वासाचं उपकरण घातलेले जवान येईपर्यंत टाकीच्या तोंडाशी कोणालाही जाऊ देऊ नका.